सिस्टरना विचारा : ट्यूमर बोर्डापुढचा एक कागद

मागच्या अंकात ट्यूमर बोर्डाविषयी लिहिलं होतं. ज्यांच्या हाती तो अंक लागला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कर्करोगाच्या पेशंटचं पुढे काय करायचं हे एका डॉक्टरने एकट्याने न ठरवता सर्जन, किमोचे आणि रेडिएशनचे डॉक्टर, स्कॅन वाचणारे रेडिओलॉजिस्ट, तुकडा तपासणारे पॅथॉलॉजिस्ट असे सगळे एका टेबलाशी बसून ठरवतात. ती बैठक म्हणजे ट्यूमर बोर्ड. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये अवयवानुसार असे गटच नेमलेले आहेत. इंग्लंडमध्ये १९९५ च्या कॅलमन-हाइन अहवालानंतर ही पद्धत रुळली. त्या लेखात मी एक वाक्य सहज टाकलं होतं, की बोर्डात बोलायच्या आधी कागदावर काढा. पत्रं आली ती नेमकी त्या वाक्यावर.

मी डोकं-मान विभागात सिस्टर म्हणून नोकरी केली आणि शेवटची वर्षं बोर्डाच्या फाईली लावायचं काम केलं. त्यामुळे माझी उदाहरणं बहुतेक गालाची आणि जबड्याचीच असणार. आपल्याकडे तंबाखूची जी कृपा आहे ती बघता पेशंटही तेच जास्त.

प्रश्न : वडील ६१ वर्षांचे, शेती करतात. डाव्या गालात आणि खालच्या हिरडीला जखम होती, बायोप्सीत कर्करोग निघाला. सर्जन म्हणतात जबड्याचं हाड काढावं लागेल. रेडिएशनचे डॉक्टर म्हणाले, ऑपरेशननंतर माझ्याकडे या. दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं, खराब दात ताबडतोब काढून टाका. किमो लागेल का, तर कुणी हो म्हणत नाही, कुणी नाही म्हणत नाही. घरात चार माणसं चार गोष्टी सांगतात. डॉक्टरांना ‘चित्र काढून दाखवा’ म्हटलं तर त्यांना राग येईल का? — एक मुलगा, माढा तालुका

राग का यावा? तरी भीती वाटत असेल तर सगळं थोरल्या भावावर ढकला : “डॉक्टर, मला समजलं, पण घरी दादाला सांगायचंय, या कागदावर खुणा करून देता का?” या वाक्याला नाही म्हणणारा डॉक्टर मला भेटलेला नाही.

आता तुमच्या पत्रातलं बघा. डॉक्टरांनी सांगितलेल्या गोष्टी एकमेकींच्या विरोधात नाहीत. सगळे एकाच उपचाराचे वेगवेगळे आठवडे सांगतायत. दातवाल्यांनी पहिला आठवडा सांगितला, सर्जननी त्यानंतरचा, रेडिएशनवाल्यांनी त्याच्याही पुढचा. प्रत्येकाने आपापला भाग सांगितला आणि जोडणी तुमच्यावर सोडली.

कोरा कागद आडवा धरा आणि मधोमध घडी घाला. वरच्या अर्ध्यात खालचा जबडा काढा, यू आकाराचा, दातांसाठी बारीक रेघा. वडिलांची डावी बाजू कागदावर कुठली, ते आधी लिहून टाका. समोरून बघितल्यासारखं चित्र काढलं की पेशंटचं डावं आपल्या उजव्या हाताला येतं, आणि तिथे भले भले गडबडतात. मग सर्जनना विचारा की हाडाची नुसती वरची कड तासायची आहे, की तुकडा आरपार काढायचा आहे? त्यांना तिथे रेघ मारू द्या. ही एक रेघ फार मोठी असते. कड तासली तर जबडा अखंड राहतो. आरपार तुकडा गेला तर पुष्कळदा पायातलं फिब्युला नावाचं हाड रक्तवाहिन्यांसकट काढून तिथे बसवतात. म्हणजे प्लास्टिक सर्जन आले, ऑपरेशन तासन्‌तास लांबलं, पायाला जखम आली, आणि घरच्यांनी करायची तयारी बदलली. ‘जबड्याचं हाड काढावं लागेल’ या वाक्यात दोन्ही बसतं, रेघेत एकच बसतं.

जबड्याखाली मान काढा. मानेतल्या लसीका गाठींचे, म्हणजे कर्करोग पसरताना जिथे आधी पोचतो त्या गाठींचे, डॉक्टर लोक १ ते ५ असे कप्पे पाडतात. कुठले कप्पे काढणार, तिथे आकडे टाकून घ्या. “मानेत तर गाठ लागत नाही, मग मान कशाला कापायची?” हा प्रश्न घरात येणारच. तोंडाच्या लहान कर्करोगात, मानेत गाठ लागत नसताना, पहिल्याच ऑपरेशनात मानेच्या गाठी काढाव्यात की पुढे दिसल्या तर काढाव्यात, याचा मोठा अभ्यास टाटा मेमोरियलनेच केला आणि तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. आधीच काढलेल्यांत ३ वर्षांनी ८० टक्के लोक हयात होते, वाट बघितलेल्यांत ६७.५ टक्के. वडिलांची गाठ त्या अभ्यासातल्यासारखी लहान आहे का, हे सर्जन सांगतील. पण मान का उघडतात हे दादाला कळेल.

कागदाच्या खालच्या अर्ध्यात आठवड्यांच्या चौकटी आखा. पहिल्या चौकटीत दात. रेडिएशन झालेल्या जबड्यातला दात नंतर काढायची वेळ आली तर हाड भरून येत नाही, कधी कधी कुजतं. म्हणून खराब दात आधी काढायचे आणि जखम भरायला दोनतीन आठवडे द्यायचे. हे दात ऑपरेशनच्या भुलीतच काढता येतील का, हे सर्जनना विचारा. पुष्कळदा येतात, आणि वडिलांची एक खेप वाचते. याच चौकटीत ‘योजनेची मंजुरी’ असं लिहा. फुले योजनेत ऑपरेशन बसवायचं असेल तर कागदपत्रं आजच लागतात. पुढे ऑपरेशन, मग पॅथॉलॉजीचा रिपोर्ट, मग रेडिएशनसाठी चेहऱ्याचा जाळीदार मास्क आणि स्कॅन, मग रेडिएशन. ऑपरेशनपासून सहा आठवड्यांच्या आत रेडिएशन सुरू व्हावं अशी सगळ्यांची धडपड असते. रेडिएशनच्या साधारण ३० बैठका, रोज एक, सोमवार ते शुक्रवार, म्हणजे पुढचे सहा आठवडे. हे सगळं एका पट्टीवर मांडलं की तुमच्या घरच्यांना दिसेल की खरी गाठ ऑपरेशनच्या दिवशी नाही, त्यानंतरच्या दीड महिन्यात पडते. रिपोर्ट आणायला उशीर, मास्कची तारीख नाही, टाका उसवला. दिवस जातात ते असे.

किमोची चौकट काढा आणि रिकामी ठेवा. त्यात लिहा, ‘रिपोर्ट आल्यावर’. काढलेल्या मांसाच्या कडेपर्यंत कर्करोग पोचलेला निघाला, किंवा मानेतल्या गाठीचं वेष्टन फोडून तो बाहेर आलेला निघाला, तर रेडिएशनबरोबर किमो देण्याचा विचार होतो. म्हणून आज कुणी हो म्हणत नाही, कुणी नाही म्हणत नाही. ते टाळत नाहीयेत, त्यांना खरंच आज सांगता येत नाही. रिकामी चौकट हे बरोब्बर दाखवते.

एवढं झालं की कागदाच्या झेरॉक्स काढा आणि मूळ कागद फाईलच्या अगदी वर लावा. प्रत्येक डॉक्टरसमोर तोच कागद गेला पाहिजे. तिघांनी तीन नवीन चित्रं काढून दिली तर एकाच लग्नाच्या तीन तारखांच्या पत्रिका हातात आल्यासारखं होईल.

प्रश्न : सिस्टर, मी ऑन्कॉलॉजी वॉर्डात आहे, नोकरीला दोन वर्षं झाली. बोर्डाच्या दिवशी फाईली घेऊन मी भिंतीला टेकून उभी असते. पेशंटबद्दल मला जे माहीत असतं ते कुणी विचारत नाही, आणि मध्ये बोलले तर ‘सिस्टर, नंतर’. तुम्ही म्हणता चित्र काढा. माझं चित्र कोण बघणार? — एक परिचारिका, मराठवाडा

अगं, तू वेगळं चित्र काढूच नकोस. त्यांच्याच चित्रावर जागा घे.

हे दुखणं तुझ्या वॉर्डाचं एकट्याचं नाही. इंग्लंडमध्ये अशा बैठकांत मागे बसून नोंदी घेणाऱ्या संशोधकांना हेच पुन्हा पुन्हा दिसलं आहे. स्कॅन आणि रिपोर्टवर भरपूर बोललं जातं, पेशंटच्या घरच्या परिस्थितीवर आणि त्याच्या इच्छेवर फार कमी, आणि नर्सचं बोलणं सगळ्यात कमी. इंग्लंडमध्ये नर्सला खुर्ची मिळते तरी हे. आपल्याकडे आधी खुर्चीपासून सुरुवात.

जबड्याच्या चित्राच्या उजव्या कडेला मी एक उभी पट्टी आखायचे. तीत पाच-सहा चौकटी, आणि त्या भरायचं काम माझं. तोंड किती उघडतं, वजन किती आणि महिन्यात किती उतरलं, गिळताना ठसका लागतो का, सोबत कोण आहे, राहायची सोय काय, मंजुरी कुठपर्यंत आली. बोर्डाच्या आदल्या संध्याकाळी वॉर्डात फिरून मी ती भरायचे. यातलं ‘तोंड किती उघडतं’ हे तुझं पहिलं हत्यार. गुटखा-सुपारीवाल्यांचं तोंड आतून आवळलेलं असतं. वॉर्डात आपण ‘दोन बोटं’, ‘दीड बोट’ म्हणतो, पण कागदावर तसं लिहू नकोस. तुझी बोटं आणि भूलतज्ज्ञांची बोटं सारखी नाहीत. छोटी पट्टी घे, वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमधलं अंतर मोज आणि मिलिमीटरमध्ये लिही. ३५ मिमीच्या खाली गेलं की तोंड कमी उघडतं असं धरतात. ‘१४ मिमी’ हा आकडा भूलतज्ज्ञांनी वाचला की ते आपणहून मान वर करतात. भूल देताना श्वासाची नळी नेहमीसारखी घालता येणार नाही, दुर्बिणीने नाकातून घालावी लागेल, त्याची तयारी करावी लागेल, हे त्यांना त्या आकड्यातच दिसतं. त्या क्षणी तुला विचारलं जातं, “सिस्टर, हे तुम्ही मोजलंत? कधी?” मग बोल.

एक पेशंट सांगते. ऊसतोड कामगार, जिभेच्या कडेला गाठ, ऑपरेशन झालेलं. बोर्डात त्याचं काम दोन मिनिटांत उरकणार होतं : रेडिएशन, ३० बैठका, पुढचा पेशंट. पट्टीतल्या ‘राहायची सोय’च्या चौकटीत लिहिलं होतं, ‘नाही. मुकादमाची उचल घेतलेली, दिवाळीनंतर टोळी निघणार.’ रेडिएशनचे डॉक्टर खालच्या अर्ध्यातल्या आठवड्यांच्या चौकटी आणि ही चौकट असं आळीपाळीने बघत राहिले. हा माणूस दहाव्या बैठकीनंतर कारखान्यावर निघून जाणार, हे त्या एका कागदावर उघड दिसत होतं. अर्धवट सोडलेलं रेडिएशन म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. मग मास्कची तारीख अलीकडे घेतली, सोशल वर्करबाईंनी धर्मशाळेत खोली बघितली आणि मुकादमाला फोन लावला. फोनवर काय बोलल्या ते छापण्याजोगं नाही. बैठका पूर्ण झाल्या.

हीच माहिती माझ्याकडे तोंडीसुद्धा होती. पण तोंडी सांगितलेली गोष्ट ‘सिस्टर, नंतर’ म्हणून बाजूला सारता येते. सगळ्यांच्या नजरेसमोरच्या कागदावर ती असली की ती ओलांडून पुढे जाणं अवघड होतं. आणि एखादी चौकट रिकामी असेल तर ती भरून आणू नकोस, रिकामीच ने. “सर, सोबत कोण आहे हे अजून कळलेलं नाही” हेही बोर्डाला कळलं पाहिजे.

कागदाच्या वरच्या कोपऱ्यात बैठकीला कोण कोण होतं त्यांची नावं लिहायची रीत पाड, आणि त्यात स्वतःचं लिही. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली ऑपरेशनची जी चेकलिस्ट आणली, तीत काप घेण्याआधी खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम मोठ्याने सांगायचं असतं. एकदा आवाज निघाला की पुढे अडचण दिसल्यावर पुन्हा निघतो, हा त्यामागचा हिशोब. सर्जन कुरकुरतात, पण करतात.

प्रश्न : मी तरुण सर्जन आहे. बोर्डात केस मांडताना चाळीसेक स्लाइड करतो : फोटो, सीटी, एमआरआय, पेट, सगळं. तरीही वरिष्ठ विचारतात, ‘मुद्दा काय?’ दृश्य साधनं वापरा असं सगळे सांगतात, मी तर तीच वापरतोय. चुकतंय कुठे? — एक डॉक्टर, पुणे

डॉक्टर, चाळीस स्लाइड म्हणजे दृश्य साधन नाही, अल्बम आहे. पाहुण्यांना लग्नाचा अल्बम दाखवतात तेव्हा पाहुणे काय करतात ते आठवा.

बोर्डात चित्र लावायचं ते मतभेद कुठे आहे हे दिसावं म्हणून. त्यामुळे आधी प्रश्न लिहा, एका ओळीत, कागदाच्या माथ्यावर. मग त्या प्रश्नाचं उत्तर स्कॅनच्या ज्या एका छेदात आहे तो छेद लावा. बाकीचे मागे ठेवा, कुणी मागितले तर काढा.

गुदाशयाच्या कर्करोगाचं बघा. तिथला मोठा प्रश्न ठरलेला असतो : सरळ ऑपरेशन करायचं, की आधी रेडिएशन देऊन गाठ आकसवायची? त्याचं उत्तर बऱ्याच अंशी एका अंतरावर असतं. गुदाशयाभोवती चरबी असते, तिच्याभोवती मेसोरेक्टल फॅशिया नावाचा पातळ पडदा. सर्जन त्या पडद्याच्या बाहेरून कापत जातो. गाठीची कड आणि पडदा यांच्यात एमआरआयवर १ मिमी किंवा त्याहून कमी जागा असेल तर कापताना कड स्वच्छ मिळण्याची खात्री नाही. आता हे कागदावर काढा : आतलं वर्तुळ गुदाशयाचं, बाहेरचं पडद्याचं, मध्ये चरबी. रेडिओलॉजिस्टच्या हातात पेन द्या आणि गाठ त्यांनाच काढू द्या, घड्याळाच्या काट्याप्रमाणे कुठे, किती वाजता. पडद्याला कुठे भिडते तिथे मिलिमीटर लिहू द्या. सर्जन आणि रेडिएशनवाले एकमेकांशी जे दहा मिनिटं वाद घालणार होते तो बहुतेक त्या एका आकड्यावर येऊन थांबतो. मग वाद उरलाच तर तो खरा वाद असतो, त्याला वेळ द्या.

इंग्लंडमधला एक लेखाजोखा २००६ साली प्रसिद्ध झाला. थेट ऑपरेशन झालेल्या पेशंटांपैकी ज्यांच्या एमआरआयवर बोर्डात चर्चा झालीच नव्हती, त्यांच्यात २६ टक्क्यांच्या कडेला कर्करोग सापडला. चर्चा झालेल्यांत १ टक्क्याच्या. आकडे डोळे दिपवणारे आहेत, पण जरा जपून. ही चिठ्ठ्या टाकून केलेली तुलना नव्हती, आणि चर्चेमुळेच अवघड पेशंट बाजूला काढून त्यांना आधी रेडिएशन दिलं गेलं होतं. पण मी म्हणेन, बोर्डाचं कामच ते. कुणाला थेट टेबलावर घ्यायचं नाही, हे वेळेत दिसणं.

आता तुमच्या ऑपरेशननंतरचं चित्र, जे जवळजवळ कुणीच काढत नाही. गालाचा तुकडा तुम्ही काढता, त्याला धागे लावता, छोटा धागा वरच्या बाजूला, लांब धागा बाहेरच्या बाजूला, आणि फॉर्मॅलिनच्या बरणीत सोडता. बरणी पॅथॉलॉजीत जाते. तिथे तुकडा आक्रसलेला, वाकडा झालेला असतो, आणि त्या टेबलावरच्या डॉक्टरांनी तुमचा पेशंट कधी बघितलेला नसतो. ते कडांना वेगवेगळ्या रंगांची शाई लावतात, काप घेतात आणि रिपोर्ट लिहितात : ‘सर्वात जवळची कड ३ मिमी’. तोंडाच्या कर्करोगात ५ मिमी किंवा जास्त असेल तर कड स्वच्छ धरतात, म्हणजे ३ मिमी जवळची झाली. पण कुठली कड? घशाकडची की ओठाकडची? रेडिएशनच्या डॉक्टरांना नेमकं हेच हवं असतं, कारण त्या जागेकडे त्यांना जास्त लक्ष द्यायचंय. महिनाभराने तुम्हाला फोन येतो, आणि तोपर्यंत तुमच्या हातून बरेच गाल गेलेले असतात.

म्हणून थिएटरमध्येच, हातमोजे काढल्यावर, तुकड्याची बाह्यरेषा कागदावर काढा. शेजारी पट्टी ठेवून फोटोही घ्या. धागे कुठे, ओठाची बाजू कुठली, हाड कुठे, कुठल्या कोपऱ्यात तुम्हाला हाताला शंका आली, तेही लिहा. हा कागद बरणीबरोबर जाऊ द्या. पॅथॉलॉजिस्टनी त्याच बाह्यरेषेवर चारी बाजूंना मिलिमीटर लिहावेत आणि तो रिपोर्टबरोबर परत यावा. दुसऱ्या बोर्डात हा एक कागद लावा. तुमच्या चाळीस स्लाइडपेक्षा त्याची किंमत जास्त आहे.

थ्री-डी प्रिंट केलेल्या जबड्याबद्दल तुम्ही ताजा कलम लिहिला आहे. ऑपरेशनआधी टायटॅनियमची प्लेट त्यावर वाकवून बघायला ती वस्तू झकास आहे, तासभर वाचतो. पण बोर्डात आणू नका. प्रत्येकाला ती हातात घेऊन फिरवायची असते आणि पेशंट राहतो बाजूला.

प्रश्न : मी वैद्यकीय महाविद्यालयातून निवृत्त झालेला प्राध्यापक. टीएनएम पद्धतीने अवस्था लिहिली की जगातल्या कुठल्याही डॉक्टरला सगळं कळतं. मग ही चित्रकला कशासाठी? — नाशिक

सर, टीएनएमचा मला आदर आहे. फ्रान्सच्या पिएर दनुआ यांनी १९४३ ते १९५२ या काळात ती बसवली. गाठीला टी, लसीका गाठींना एन, दूरच्या पसरण्याला एम. त्याआधी दोन इस्पितळांना एकमेकांच्या पेशंटांची तुलना करणंही कठीण होतं. पण ही पद्धत पेशंटना गटात बसवते, आणि बोर्डापुढे गट बसलेला नसतो.

जिभेच्या दोन गाठी घ्या. एक दीड सेंटिमीटर रुंद, पण ८ मिमी खोल गेलेली. दुसरी साडेतीन सेंटिमीटर पसरलेली, पण खोली ३ मिमी. टीएनएमच्या आठव्या आवृत्तीत खोलीचा हिशोब आल्यापासून दोन्ही टी-२. फाईलवर दोघांचं अक्षर एकच. पण पहिलीत मानेकडे जाण्याची भीती जास्त, आणि दुसरीत जिभेचा पृष्ठभाग इतका जातो की बोलण्याचा प्रश्न आधी येतो. दोन आडवे छेद काढले, रुंदी आणि खोली लिहिली, की हे शेवटच्या रांगेतल्या रेसिडेंटलाही दिसतं. चित्राखाली टी-२ लिहाच, नोंदवहीला ते लागतं.

प्रश्न : मी रेडिएशन विभागात टेक्नॉलॉजिस्ट आहे. मला लाल-हिरवा फरक नीट कळत नाही. हे विभागात कुणाला माहीत नाही. प्लॅनमधल्या, स्कॅनवर गाठ आणि अवयव दाखवणाऱ्या रंगीत रेघा आणि फळ्यावरचे लाल-हिरवे मॅग्नेट यांची धास्ती वाटते. — नाव नको

हे विभागप्रमुखांना सांगा, आणि या आठवड्यात सांगा. यात लाजायचं काही नाही. हा दोष जन्मजात आणि बहुतेक पुरुषांतच सापडणारा आहे, तुमच्या विभागात तुम्ही एकटेच असाल असंही नाही.

आणि सुधारणा सगळ्यांच्याच सोयीची आहे. रंगावर एकट्यावर कुठलाही अर्थ टांगू नये. रेघेचं नाव रेघेशेजारी लिहिलेलं असावं, गाठीची रेघ जाड, मज्जारज्जूची तुटक. नावंही प्रत्येकाने मनाला येतील तशी ठेवू नयेत. अमेरिकेतल्या वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०१८ साली या अवयवांच्या आणि रेघांच्या नावांची प्रमाण यादी काढली आहे, ती तुमच्या फिजिसिस्टना ठाऊक असेल. फळ्यावर रंगाऐवजी आकार घ्या : गोल म्हणजे तयार, त्रिकोण म्हणजे अडलंय. चाचणी सोपी आहे. कागद काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये काढून बघा. तिथे जे वाचता येत नाही ते बदलायचं. आपल्या इस्पितळांत रंगीत प्रिंटरची शाई नेहमी संपलेलीच असते, त्यामुळे ही चाचणी रोज आपोआप होतेच म्हणा.

प्रश्न : आमच्या जिल्ह्याच्या गावी एक सर्जन, आठवड्यातून एकदा येणारे किमोचे डॉक्टर आणि स्कॅनच्या फिल्म बघायचा एक व्ह्यू बॉक्स एवढंच आहे. रेडिएशन दीडशे किलोमीटरवर. बोर्ड कुठून आणायचा? आम्ही फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून मोठ्या शहरातल्या ओळखीच्या डॉक्टरांना विचारतो. — एक वैद्यकीय अधिकारी, विदर्भ

तुमच्याकडेच कागदाची गरज सगळ्यात जास्त आहे, कारण तुमचे लोक एका खोलीत कधी येतच नाहीत. पेशंटच सगळ्यांकडे फिरतो, म्हणून कागद पेशंटबरोबर फिरू द्या. फक्त वरच्या कोपऱ्यात तारीख आणि ‘आवृत्ती १’, ‘आवृत्ती २’ असं ठळक लिहा, आणि नवी आवृत्ती निघाली की जुनीवर आडवी रेघ मारून ती फाईलमध्येच राहू द्या. फाडून टाकू नका. पहिल्यांदा काय ठरलं होतं आणि का बदललं, हे दीडशे किलोमीटरवरच्या डॉक्टरांना कळायला हवं.

बोर्डासाठी नॅशनल कॅन्सर ग्रिड बघा. २०१२ साली टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने देशभरच्या कर्करोग केंद्रांचं हे जाळं उभं राहिलं. व्हिडिओवरून भरणारा त्यांचा ट्यूमर बोर्ड आहे, अवघड पेशंट तिथे मांडता येतो. तुमचं इस्पितळ सदस्य नसेल तर जवळचं सदस्य केंद्र गाठा. मांडायला जाल तेव्हा वर डॉक्टरांना सांगितलं तेच करा, एक प्रश्न आणि एक कागद. व्हिडिओत पेनची रेघ दिसत नाही, तेव्हा जाड स्केच पेन वापरा आणि कागद आधी पाठवून ठेवा.

व्हॉट्सअ‍ॅपवर तुम्ही पेशंटचा पूर्ण चेहरा, नाव आणि केस नंबर असलेले फोटो टाकता असं पत्रावरून वाटतं. ते थांबवा. गटात कोण कोण आहे हे तुम्हालाही ठाऊक नसतं, आणि २०२३ च्या विदा संरक्षण कायद्यानंतर हा केवळ शिष्टाचाराचा प्रश्न राहिलेला नाही. रेखाचित्राचा इथे आयता फायदा आहे : जबड्यावर रेघ आहे, चेहरा नाही. फोटो लागलाच तर पेशंटची लेखी परवानगी घ्या, डोळे आणि नाव झाका, आणि एकाच डॉक्टरना पाठवा.

पुढच्या अंकासाठी नाकातल्या नळीविषयीची पत्रं बाजूला काढली आहेत : नळीतून काय द्यायचं, किती पातळ, आणि ती निघाली तर रात्री काय करायचं. त्यावर आणखी कुणाला विचारायचं असेल तर नळीचा नंबर आणि पेशंटचं वजन पत्रात लिहा.